सिल्कीचं पिल्लू अस्सल की संकर? पंख उघडून बघा

सिल्की ही रेशमी पिसांची कोंबडीची जात. पाच बोटं आणि काळी कातडी दिसली की पिल्लू सिल्की समजून विकत घेतलं जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी अंगावर साध्या कोंबडीची पिसं येतात. हे दोन्ही गुण संकरातही सहज उतरतात. रेशमी पीस मात्र आई आणि बाप दोघांकडून गुण आला तरच येतं, म्हणून खरी परीक्षा पिसाची.

१. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं होऊ द्या. एक दिवसाच्या पिल्लाची लव सगळ्यांची सारखीच.

२. पिल्लू तळहातावर धरून एक पंख अलगद पसरवा आणि उजेडासमोर धरा.

३. पीस गुळगुळीत, सपाट पात्यासारखं दिसलं तर संकर. टोकाकडे सुटे धागे, झिजलेल्या कुंच्यासारखं दिसलं तर सिल्की. मोठ्या पिसांत दांड्याजवळ थोडा सपाटपणा अस्सल सिल्कीतही असतो, त्यामुळे निकाल टोकावरून द्या. शंका वाटली तर चिमटीत पीस विस्कटून बघा: साधं पीस बोट फिरवल्यावर पुन्हा जुळतं, सिल्कीचं जुळत नाही.

४. मग बोटं मोजा. पाचवं बोट मागच्या बोटापासून वेगळं, वरच्या दिशेला वळलेलं हवं. नडगीवर आणि बाहेरच्या बोटावरही पिसं हवीत.

नर-मादीचा अंदाज मात्र इतक्यात करू नका. सिल्कीत तो बऱ्याचदा चार-पाच महिन्यांनीच लागतो.

पिल्लू हाताळताना डोक्यावर दाब देऊ नका. काहींच्या तुऱ्याखाली कवटीला फुगवटा असतो, तिथलं हाड पूर्ण मिटलेलं नसतं.