टर्मिनलवरून कोड पाठवायला शिकताना

नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते. माझा पायथन प्रोग्रॅम माझ्या मशीनवर नीट चालायचा आणि सर्व्हरवर सुरू होताच बंद पडायचा. दिवसभर झटून शेवटी टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना टर्मिनलचे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचे, चार स्क्रीनशॉट पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "यातली एक ओळ मला सर्च करायची आहे, ती मी टाइप करत बसू का? आणि पहिली एरर वर कापली गेली आहे. मजकूर पाठव."

मग मी तोच मजकूर चॅटमध्ये पेस्ट केला. ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गेल्या, आणि पायथनमध्ये त्या गेल्या की कोडचा अर्थच जातो. सरळ अवतरणचिन्हं वाकडी झाली. पायथनमधल्या 'इनिट' या नावाच्या दोन्ही बाजूंचे डबल अंडरस्कोअर चॅटने खाऊन टाकले आणि तो शब्द ठळक करून दाखवला. तो कोड कॉपी करून चालवणाऱ्याला माझी एरर दिसलीच नसती, वेगळ्याच चार दिसल्या असत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला एक ओळ शिकवली: कॅट कमांडने फाइल वाचायची, पाइप (उभी रेघ) द्यायचा, आणि पुढे नेटवर्कवरून मजकूर पाठवणारं नेटकॅट, म्हणजे एनसी, मग टर्मबिन डॉट कॉम (मजकूर ठेवून त्याची लिंक देणारी 'पेस्ट सेवा') आणि पोर्ट ९९९९. एंटर दाबला की टर्मिनलवर एक लिंक परत येते. ती उघडली की तुमचा मजकूर, एकेका मोकळ्या जागेसकट, जसाच्या तसा.

मला त्यात सगळ्यात आवडला तो साधेपणा. डग मॅकइलरॉय यांची कल्पना आणि केन थॉम्पसन यांचं काम, असा पाइप १९७३ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आला. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट, एवढंच. पेस्ट सेवा ही त्या साखळीतली शेवटची कडी. त्यामुळे ब्राउझर नसलेल्या, फक्त एसएसएचने (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडण्याच्या सोयीने) उघडणाऱ्या सर्व्हरवरूनही काम होतं, आणि मदत लागते ती बहुतेक वेळा तिथेच. नेटकॅट नसेल तर बहुधा कर्ल, म्हणजे नेटवर डेटा पाठवणारी-आणणारी कमांड, असतो. काही सेवा त्याच्या मायनस एफ (कॅपिटल) पर्यायाने फाइल घेतात. लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू या प्रकारांत पेस्टबिनइट, फेडोरामध्ये एफपेस्ट हे याच कामाचं पॅकेज मिळतं. कोड ठेवायची सेवा गिटहब वापरत असाल तर 'जीएच जिस्ट क्रिएट' ही कमांड आहे; जिस्ट म्हणजे गिटहबवरची पेस्ट. मी आता बहुतेक वेळा हीच वापरते, कारण ती पेस्ट नंतर दुरुस्त करता येते, पुसता येते आणि फाइलच्या नावावरून कोडला रंगही मिळतात.

पुढची अडचण दुसऱ्याच दिवशी आली. प्रोग्रॅम चालवला, पाइप दिला, लिंक पाठवली. लिंकमध्ये "सुरू होत आहे" एवढीच ओळ! एरर माझ्या स्क्रीनवर होती, लिंकमध्ये नव्हती. नवख्या माणसाला हमखास अडवणारी जागा ही, म्हणून इथे जरा थांबते.

प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा असतात: शून्य म्हणजे इनपुट, एक म्हणजे नेहमीचं आउटपुट, दोन म्हणजे एरर. स्क्रीनवर एक आणि दोन एकत्रच दिसतात, त्यामुळे आपल्याला त्या एकच वाटतात. पाइप मात्र फक्त एक नंबरची वाट पुढे नेतो. म्हणून पाइपच्या आधी २>&१ लिहायचं, मध्ये मोकळी जागा न सोडता (आकडे अर्थात इंग्रजी): दोन नंबरची वाट एक नंबर जिथे जाते तिथे वळव. बॅशमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाइपच्या उभ्या रेघेला लागूनच & लिहिलं तरी तेच होतं. फाइलमध्ये साठवताना क्रम सांभाळा. आधी फाइलचं नाव, मग २>&१. उलटं लिहिलंत तर एरर स्क्रीनवरच राहते, कारण वळवण्याच्या क्षणी एक नंबर अजून स्क्रीनकडेच जात असतो. हे मला कागदावर बाण काढल्यावरच कळलं; तुम्हीही काढून बघा.

आणखी एक बारकावा. आउटपुट पाइपमध्ये जात असलं की पायथन ते साठवून साठवून सोडतो, पण एरर लगेच जाते. त्यामुळे पाठवलेल्या मजकुरात ओळींचा क्रम उलटसुलट होतो आणि एरर घडण्याआधीच आल्यासारखी दिसते. पायथनला मायनस यू हा पर्याय दिला की क्रम जागेवर येतो. रंगांच्या खुणांचंही असंच: मजकुरात चौकोनी कंस, ३१ आणि एम असे तुकडे दिसले तर कुठल्यातरी टूलला रंग सक्तीने चालू ठेवायला सांगितलेलं आहे. ते बंद करून परत पाठवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. दुसऱ्या महिन्यात मी घाईत अख्खी कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल जिस्टवर टाकली. त्यात डेटाबेसचा पासवर्ड होता. लक्षात आल्यावर मी जिस्ट उघडून ती ओळ पुसली आणि सुटकेचा श्वास टाकला. दहा मिनिटांनी त्याच सहकाऱ्यांनी मला रिव्हिजन्स, म्हणजे जुन्या आवृत्त्या, उघडून दाखवल्या. जिस्ट म्हणजे पूर्ण गिट रिपॉझिटरी, प्रत्येक बदल जपून ठेवणारा साठा, असते. पुसलेली ओळ जुन्या आवृत्तीत जशीच्या तशी होती. मी तो सीक्रेट ठेवला होता, पण सीक्रेट जिस्ट फक्त शोधात येत नाही. लिंक असलेल्या कुणालाही तो उघडतो. हात कापत होते माझे. ते म्हणाले, "आधी पासवर्ड बदलू, पुसापुशी नंतर." हाच क्रम बरोबर आहे. एकदा बाहेर गेलेला पासवर्ड गेला असंच धरायचं. आणि असं झालं तर लगेच सांगा, लपवू नका. मी लगेच सांगितलं म्हणून पाऊण तासात सगळं आवरलं.

तेव्हापासून मी कुठलंही आउटपुट थेट नेटवर सोडत नाही. आधी टी कमांडने फाइलमध्ये उतरवते, लेस या कमांडने पानापानाने उघडून सावकाश वाचते, मग ग्रेप या शोधायच्या कमांडने पासवर्ड, टोकन, सीक्रेट हे शब्द शोधते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या दीर्घकालीन ॲक्सेस की 'एकेआयए' या अक्षरांनी सुरू होतात, तेही शोधते. वाचताना होम फोल्डरच्या वाटेतलं युजरनेम, आतल्या सर्व्हरची नावं, ग्राहकांचे ईमेल हेही दिसतं. ग्रेपला ते कळत नाही, डोळ्यांना कळतं. नेटकॅटने पाठवलेला मजकूर वाटेत एन्क्रिप्ट होत नाही, हेही ध्यानात असू द्या. कामाचा कोड असेल तर सार्वजनिक सेवेवर टाकायची परवानगी आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी नसते आणि त्यासाठी आतलीच व्यवस्था असते.

टर्मबिनवरची लिंक महिनाभराने मरते, म्हणून बगच्या (प्रोग्रॅममधल्या चुकीच्या) तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, नुसती लिंक न ठेवता एररच्या मुख्य चार-पाच ओळी तिथेच चिकटवा. लिंकसोबत तीन गोष्टी लिहा: नेमकी कुठली कमांड चालवली, कुठलं व्हर्जन, आणि काय व्हायला हवं होतं. कोडही छाटून पाठवा. आठशे ओळींमधून एरर टिकवणाऱ्या वीस ओळी शोधता शोधता चूक माझी मलाच सापडली आहे, किती वेळा ते मोजलेलं नाही. तेव्हा पाठवायची गरजच उरत नाही.

आता माझ्या बॅशमध्ये या सगळ्याचं एक छोटं फंक्शन आहे, नाव 'दाखव'. ते आउटपुट फाइलमध्ये ठेवतं, ग्रेपला सापडलेल्या संशयास्पद ओळी वर काढतं, फाइल लेसमध्ये उघडतं आणि मी बाहेर आले की विचारतं, "पाठवू का?" नुसतं एंटर दाबलं तर ते पाठवत नाही. पाठवण्यासाठी 'हो' हा शब्द पूर्ण टाइप करावा लागतो.