पोस्टफिक्समध्ये मेल अडकली? आधी सर्व्हरलाच विचारा

हिंगणा एमआयडीसीतली कंपनी असो की धरमपेठेतलं सीएचं ऑफिस, पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) एकदा बसवला की कोणी त्याला हात लावत नाही, मग कधीतरी कोणी मेन डॉट सीएफमध्ये, म्हणजे त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, एक ओळ टाकतं अन् मेल जाणं बंद. अशा वेळी घाईनं आणखी काही बदलू नका. फाइलची कॉपी काढा, मग 'पोस्टफिक्स चेक' आणि 'पोस्टकॉन्फ -एन' चालवा. आपण काय लिहिलं ते सोडा, सर्व्हरला काय समजलं ते इथं दिसते.

सिंटॅक्सच्या, म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीतल्या, चुका बहुतेक स्पेसच्या असतात. ओळीच्या सुरुवातीला स्पेस पडली की ती ओळ वरच्या ओळीला जोडली जाते. सेटिंगच्या पुढं त्याच ओळीत हॅश टाकून कमेंट लिहिली तर तीही व्हॅल्यूच धरली जाते, म्हणून कमेंट वेगळ्या ओळीत. एकच सेटिंग दोनदा असेल तर खालची चालते. मास्टर डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या वेगवेगळ्या सेवांची फाइल) मात्र '-ओ' लावून दिलेल्या सेटिंगमधल्या बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस द्यायचीच नाही.

राउटिंगचं, म्हणजे मेल कुठं जायची याचं, दुखणं वेगळं, तिथं चेक काहीच बोलत नाही. 'मेलक्यू' (थांबलेल्या मेलची यादी) मधून त्या मेलचा क्यू आयडी घ्या आणि तोच लॉगमध्ये शोधा, उबुंटूत मेल डॉट लॉग, रेडहॅटवाल्यांकडे मेललॉग. 'मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ' दिसलं तर एमएक्स (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ती डीएनएसमधली नोंद) याच मशीनकडे येऊन राहिला पण पोस्टफिक्स त्या डोमेनला आपलं मानत नाही, मग ते मायडेस्टिनेशन किंवा व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स या आपल्या डोमेनच्या सेटिंगमध्ये टाका, पण दोन्हीकडे नाही. रिलेहोस्टचं (बाहेरची मेल ज्याच्यामार्फत जाते तो सर्व्हर) नाव चौकोनी कंसात नसेल तर तो त्या नावाचा एमएक्स शोधत बसतो अन् मेल भलतीकडेच जाते. ट्रान्सपोर्ट फाइल (कोणत्या डोमेनची मेल कुठून जायची ती यादी) बदलली की 'पोस्टमॅप' चालवा आणि 'पोस्टमॅप -क्यू' नं डोमेन विचारून उत्तर बघा.

'रिले ॲक्सेस डिनाइड' (बाहेर मेल पाठवायची परवानगी नाही) आलं म्हणून मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे भरवशाच्या आयपींच्या यादीत, सगळं जग टाकू नका बाप्पा, स्पॅमवाले लगेच घुसतात आणि आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो. घरून काम करणाऱ्यांना 587 पोर्टवर लॉगिन द्या.

दुरुस्ती चालू असताना 'सॉफ्ट बाउन्स' येस ठेवा, म्हणजे मेल कायमची परत न जाता थांबून राहते, डिफॉल्टनं क्यूत 5 दिवस. झालं की नवी सेटिंग लागू करायला 'पोस्टफिक्स रीलोड', मग थांबलेली मेल पुन्हा पाठवायला 'पोस्टक्यू -एफ'. सॉफ्ट बाउन्स तेवढं आठवणीनं काढा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावरची मेलही बाहेरचे सर्व्हर परत परत पाठवत राहतील.