चर्चच्या सुरक्षा-प्रशिक्षणासाठी सल्लागार निवडताना

सल्लागाराला फोन लावण्याआधी एक रविवार नुसता बघण्यात घालवा. कमिटीतल्या दोघांनी उपासनेला न बसता आवारात फिरावं आणि दिसेल ते वहीत उतरवावं. वारा यावा म्हणून बाजूच्या दारात जुनं गीतपुस्तक अडकवलंय का, प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तेव्हा दाराशी कोण असतं, दानार्पण कुठल्या खोलीत मोजतात, संडे स्कूलमधून मूल न्यायला आलेल्याला कोणी काही विचारतं का, चाव्या किती जणांकडे आहेत. (या शेवटच्या प्रश्नावर कमिटीत हमखास वाद होतो.) ही वही नसेल, तर सल्लागाराला जे विकायचंय तीच तुमची गरज ठरेल.

नावं जमवायला विमा कंपनी, पोलीस ठाणं आणि असं प्रशिक्षण आधी घेतलेल्या इतर चर्चच्या मंडळ्या यांच्याकडे विचारा. मंडळीत एखादे निवृत्त पोलीस किंवा फौजी असतातच, आणि ‘आपले साहेब आहेत की’ म्हणून विषय तिथंच मिटतो. साहेबांचा मान ठेवावाच, पण वर्दीतल्या माणसामागे कायद्याचा अधिकार असतो. दाराशी हसून स्वागत करणाऱ्या स्वयंसेवकामागे तो नसतो. त्यामुळे नोकरीची वर्षं मोजण्यापेक्षा हे विचारा: सामान्य माणसांना शिकवलंय का? प्रार्थनास्थळात काम केलंय का? चिडलेल्या माणसाला शब्दांनी शांत कसं करायचं, हे शिकवता का? पहिला तास बंदुकीच्या गोष्टींत घालवणाऱ्याला मी तरी दुसरा तास देणार नाही.

१५ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉलीव्हिलच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एक अनोळखी माणूस सकाळी आला. तिथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) त्याला आत घेऊन चहा करून दिला. प्रार्थना सुरू असताना त्याने पिस्तूल काढलं आणि आतल्यांना ओलीस धरलं. जवळजवळ अकरा तासांनी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि उरलेल्या दोघांसह ते बाहेर पळाले. आधी घेतलेल्या प्रशिक्षणामुळेच वाचलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. तुमच्या सल्लागाराला हा प्रसंग सांगा आणि विचारा, ‘आम्ही अनोळखी माणसाला चहा द्यावा की नाही?’ ‘दारं बंद ठेवा’ एवढंच उत्तर आलं, तर त्या माणसाला चर्च कळलेलं नाही.

कागदपत्रं बघायला लाजू नका. एएसआयएस इंटरनॅशनल या सुरक्षा-व्यावसायिकांच्या संघटनेची सीपीपी (एकूण सुरक्षा-व्यवस्थापनासाठी) किंवा पीएसपी (इमारत-आवाराच्या सुरक्षेसाठी) ही प्रमाणपत्रं दर तीन वर्षांनी नव्याने टिकवावी लागतात, तेव्हा भिंतीवरची चौकट न बघता मुदत बघा आणि देणाऱ्या संस्थेकडून खातरजमा करा. परवाना लागत असेल तर तो, शिवाय त्यांचा स्वतःचा विमा. प्रथमोपचार शिकवणार असतील तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र. बाकड्यावर कोणी छातीत कळ येऊन कोसळण्याची वेळ हल्ल्यापेक्षा कितीतरी आधी येते. मुलांच्या सुरक्षेबद्दल ‘तो माझा विषय नाही, अमक्याला विचारा’ असं कोणी सरळ सांगितलं, तर त्याचं नाव यादीत वर घ्या.

सल्लागाराने वर्षभरापूर्वी शिकवलेल्या दोन मंडळ्यांना फोन करा. ‘कसं झालं?’ विचारलंत तर ‘छान झालं’ एवढंच ऐकाल. ‘त्यातलं आज काय चालू आहे?’ असं विचारा.

पैशाचं बोलणं पाहणीच्या आधीच उरका. कॅमेरे, कुलपं सुचवणारा ती विकतो का, किंवा त्याला त्यावर कमिशन आहे का, हे लेखी घ्या. पाहणी भरल्या उपासनेत व्हावी. रिकामी इमारत बघून दिलेला सल्ला अर्धाच.

अहवाल कोण वाचणार हेही करारातच लिहा. त्यात तुमचं प्रत्येक कच्चं दार नोंदलेलं असेल. दोन छापील प्रती काढा, एक पाळकांकडे आणि एक सचिवांच्या कपाटात. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यातलं एक पानही जायला नको.