ठाण्याहून वसईला: पाहुण्या मित्राचा एक दिवस

बाहेरगावचा मित्र ठाण्यात आला की तलावपाळीवर एक फेरी, एक मिसळ आणि दुसऱ्या दिवशी गेटवे, असा बेत ठरलेला असतो. गेटवे तो केव्हाही बघेल. त्याला ठाण्याहून घोडबंदरमार्गे वसईच्या किल्ल्यात आणि तिथून समुद्रावर न्या. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मोहीम ज्या दिशेने सरकली त्याच दिशेने दिवसभर गेलात तर सुटी ठिकाणं आपोआप एका सूत्रात येतात.

दिवसाचा शेवट समुद्रावर आहे, म्हणून दिवस ठरवताना आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अर्ध्या तासाचा फरक धरून चालायचा. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी भरतं. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून असंच मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी सहाला समुद्र लांब आत गेलेला असतो, मध्ये नुसता चिखल. अष्टमीला उलट: ऐन सूर्यास्ताला पाणी भरलेलं, चालायला वाळूच थोडी. चतुर्थी ते षष्ठी सगळ्यात सोयीची, कारण सूर्य बुडताना पाणी नुकतंच ओसरत असतं.

रविवार शक्यतो टाळा. रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो आणि संध्याकाळी गुजरातकडून परतणाऱ्या गाड्यांनी घोडबंदर रोड भरून जातो. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

सकाळी सातला कौपिनेश्वराच्या देवळापासून सुरुवात करा. स्टेशनच्या पश्चिमेकडून जांभळी नाक्यापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. चालताना सांगून टाका की १६ एप्रिल १८५३ ची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथेच, ठाण्याला आली होती. शिलाहारांच्या काळात ठाणे म्हणजे श्रीस्थानक, आणि या देवळाचं मूळ त्या काळातलं. आजची वास्तू मात्र १७६० मधली: वसई जिंकल्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यातली पिंड पाहून नवखा माणूस थबकतो, एवढी ती मोठी आहे. समोर मासुंदा तलाव, त्याच्या काठाला पोर्तुगीज काळात मूळ असलेलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, आणि टेंभी नाक्याकडे १८७९ चं बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, शाआर हशामाइम सिनेगॉग. सिनेगॉग आतून बघायचं असेल तर आधी विचारून ठेवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो, तेव्हा बाहेरूनच बघा.

ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही आणि तटाकडे कॅमेरा रोखू नका, पण रस्त्यावरून तरी दाखवाच. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला अपुरा असतानाच मराठ्यांच्या हाती पडला. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी आणि नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारणारे अनंत कान्हेरे यांना दोन साथीदारांसह १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात, ती काढाच.

नाश्त्याला मामलेदारची मिसळ घेणार असाल तर पाहुण्यासाठी कमी तिखट सांगा आणि सोबत ताक घ्या. पुढे दीड-दोन तास गाडीत बसायचं आहे, घाटात पोट बिघडलं तर दिवस गेला.

साडेनवापूर्वी माजिवडा सोडा. घोडबंदर गाव तिथून सुमारे २० किलोमीटर. गायमुखच्या घाटात चढावर एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते आणि बाजूने काढायला जागा नसते, म्हणून तासभर हातचा ठेवा. घोडबंदरचा किल्ला लहान आहे, अर्धा तास पुरे. तिथून वसईची खाडी दिसते. ठाण्याला जाणाऱ्या गलबतांवर नजर कुठून राहत असेल, ते या जागेवर उभं राहिलं की न सांगता समजतं.

पुढे दोन वाटा. वर्सोवा पुलावरून महामार्गाने वसई फाटा आणि डावीकडे वसई, ही नेहमीची. दुसरी काशिमीऱ्याहून भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर जाऊन रो-रो बोटीने खाडी ओलांडण्याची. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, गाडीही चढते. वेळ थोडा जास्त गेला तरी मी म्हणेन बोटच घ्या. वसईचा किल्ला पाण्याकडून येणाऱ्यासाठी बांधला आहे. रस्त्याने गेल्यावर झाडीत तटाचे तुकडे दिसतात. बोटीतून त्याचा आवाका दिसतो. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

गाडी नसेल तर ठाणे–दादर–वसई रोड लोकल, आणि वसई रोड पश्चिमेहून किल्लाबंदरची बस किंवा रिक्षा. सकाळी विरारकडे आणि संध्याकाळी दादरकडे जाताना तुम्ही गर्दीच्या उलट असता, फक्त ठाणे–दादर टप्पा गर्दीचा. दिव्याहून वसईला थेट मेमू आहे, पण फेऱ्या इतक्या मोजक्या की एक चुकली तर बेत कोलमडतो.

किल्ल्याला अडीच तास द्या. माणशी दोन लिटर पाणी, बंद बूट, टॉर्च. आत पाण्याची सोय धरून चालू नका. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं, त्यात सापही असतात आणि उघड्या विहिरीही झाकल्या जातात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. क्रम असा: चिमाजी अप्पांचा पुतळा, नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळं, बालेकिल्ला, फ्रान्सिस्कन चर्चमधले पोर्तुगीज अक्षरांचे थडग्यांचे दगड, गोन्सालो गार्सियांचं चर्च, आणि शेवटी बंदर दरवाजा. गार्सिया वसईचेच, १५९७ मध्ये नागासाकीला मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. किल्ल्यातल्याच सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना अंधारा नि अरुंद आहे. उघडा असेल तरच, एकेकाने चढा. वर आणि खाली जाणारे मध्ये भेटले तर वळायला जागा नसते. सेबॅस्टियनचा बुरूज मुद्दाम शोधा. सुरुंग लावून मराठ्यांनी तटाला खिंडार पाडलं ते या बाजूला. वसईतल्या चर्चच्या घंटा पुढे देवळांत गेल्या, त्यातली नाशिकची नारोशंकराची घंटा मित्राने पाहिलेली असेल, तर ते इथेच सांगा.

परतताना पारनाक्यावर सुकेळी घ्या, इथल्या राजेळी केळ्यांची. बोटाने दाबून बघा: मऊ आणि किंचित चिकट असली तर चांगली, कडक झालेली जुनी.

साडेपाचला सुरुच्या बागेच्या किनाऱ्यावर पोहोचा. गाडी वाळूत घालू नका. ओहोटीची वाळू वरून टणक दिसते, पण खाली गाळ असतो. चाक रुतलं की काढेपर्यंत भरतीचं पाणी मागून येतं. किल्लाबंदर, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीवर किंवा जाळ्यांवर पाय देऊ नका, आणि फोटो काढण्याआधी विचारा.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे आणि बोटीवर अवलंबून आहे, तो याच दिवसात कोंबू नका. मित्र आणखी एक दिवस राहणार असेल तर ती सकाळ अर्नाळ्याला द्या.