गणिताचा पेपर संगणकावर नेताना

आधी जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसा. आपल्या कोल्हापुरातल्या प्रौढ वर्गांच्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंचात आणा, नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, नुसतं काहीबाही बोलतो. मग एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा. रूपांतरात शब्द बिघडला तर लगेच दिसतो, आकडा बिघडला तर नाही.

अपूर्णांकांवर निम्मा वेळ गेला तरी जाऊ द्या. त्यांचा फोटो चिकटवला तर अंध विद्यार्थ्यासाठी तिथं काहीच उरत नाही, आणि ३/४ असं तिरप्या रेघेनं लिहिलं तर ती तारीखही वाटू शकते. वर्डमध्ये ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह (=) दाबा, समीकरणाची चौकट येते, तिथं लिहा. पेपर ब्राउझरमध्ये असेल तर मॅथएमएल, म्हणजे वेबपानावर गणित लिहायची खूणपद्धत, वापरा. क्रोममध्ये ते २०२३ पासून चालतं. नंतर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून अख्खा पेपर ऐका. जन्मभर पाव, पाऊण, सव्वा म्हणणाऱ्या मावशींना यंत्राचा उच्चार कळतो का, हे त्यांनाच विचारा.

उभ्या बेरजा स्पेस देऊन जुळवू नका, अक्षर मोठं केलं की त्या विसकटतात, तक्ता करा. कोरा कागद मात्र काढून घेऊ नका. हातचा लिहायला जागा हवीच, मला तर ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. उत्तराच्या चौकटीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे चालले पाहिजेत, १५०० आणि १,५०० दोन्ही बरोबर धरले पाहिजेत.

मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचा हिशेब तोंडी करणारा माणूस माउस धरताना अडखळतो. त्याचे गुण त्यापायी जाता कामा नयेत. त्याच संगणकांवर दोन-तीनदा सराव घ्या, नुसत्या कीबोर्डवर सगळा पेपर सोडवता येतो का तेही पाहा. लेखनिकाची मुभा असलेल्या अपंग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायची असतात. घड्याळ माणसागणिक बदलता यायला हवं.

परीक्षा पावसाळ्यात आली तर वीज जाणारच. यूपीएस आदल्या दिवशी तपासा आणि मोठ्या टाइपातल्या छापील प्रती कपाटात तयार ठेवा.