सातमाशी जन्मलेल्यांनी घाट कसा चढावा

सातमाशी किंवा अपुऱ्या दिवसांची म्हणून जन्मलेली आणि आज पंचविशी-तिशीत असलेली माणसे साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात सोबत्यांच्या मागे पडली की स्वतःलाच आळशी ठरवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. फुप्फुसांतील वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत घडू लागतात व त्यांची वाढ जन्मानंतरही चालू राहते. त्यामुळे ३७ आठवड्यांपूर्वी, विशेषतः ३२ आठवड्यांच्या आत, जन्मलेल्यांचा दमसास मोठेपणीही सरासरीने काहीसा कमी आणि रक्तदाब थोडा जास्त आढळतो. अर्थात प्रत्येकाला हे लागू होत नाही (दोन-तीन आठवडे आधी जन्मलेल्या पुष्कळांना काहीच जाणवत नाही), आणि ज्यांना लागू होते त्यांचाही दम नियमित सरावाने वाढतो.

पहिले काम घरातच आहे. आईला विचारून किंवा जुने डिस्चार्ज कार्ड शोधून आपण कितव्या आठवड्यात जन्मलो, काचेच्या पेटीत किती दिवस होतो, ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला होता का, हे लिहून काढावे आणि डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण मोठ्या माणसाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याच भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा. धाप लवकर लागत असेल तर स्पायरोमेट्रीबद्दल (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीबद्दल) विचारावे. अशी धाप दम्यासारखी वाटली तरी ती दम्याचीच असते असे नाही.

सुरुवात शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी चालण्याने करावी. वेग घड्याळावर न ठरवता बोलण्यावर ठरवावा: पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रोज १५ मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे आणि आठवड्यातून दोन दिवस बैठका व भिंतीला हात टेकून जोर काढावेत. हे सहज जमू लागल्यावरच साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाचा चढ घ्यावा. दोन मिनिटे चढावे, श्वास सावरेपर्यंत थांबावे, पुन्हा चढावे, आणि पुढे गेलेल्या सोबत्याला गाठण्याचा प्रयत्न करू नये. छातीत दुखले, चक्कर आली, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

यवतेश्वरच्या घाटातून जाणाऱ्या २१ किलोमीटरच्या हिल मॅरेथॉनचा ज्यांचा मनसुबा आहे, त्यांनी सपाटीवर १० किलोमीटर आरामात धावता येईपर्यंत घाटाच्या वाटेला जाऊ नये.