सीपॅप वापरताना नाक चोंदत असेल तर

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या सततच्या झोतामुळे नाकाचे अस्तर कोरडे पडून सुजते. म्हणून प्रथम तापणारा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) सुरू करून आर्द्रता टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि नळीत पाणी साचू लागल्यास ती थोडी कमी करावी किंवा तापणारी नळी जोडावी. तोंडावाटे हवा निसटत असेल, तर वाढवलेली आर्द्रताही अपुरी पडू शकते (हे कारण बहुधा दुर्लक्षितच राहते). अशा वेळी नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क उपयोगी ठरतो. झोपण्यापूर्वी सलाईनने (मिठाच्या पाण्याने) नाक धुवावे, मात्र त्यासाठीचे पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्डच असावे. नाक झटपट मोकळे करणारे औषधी फवारे ३ दिवसांहून अधिक वापरल्यास चोंदणे उलट बळावू शकते. ताप किंवा चेहऱ्यात तीव्र ठणका असल्यास डॉक्टरांना दाखवावे.